जांभळ्या डागाचं बी

दसरा झाला की सोयाबीनची पानं गळतात आणि शेतात नुसत्या शेंगा उभ्या राहतात. चालताना लुगड्याचा काठ लागला तरी खुळखुळ वाजतात. त्या दिवसांत पाऊस नको असतो. या वर्षी तो आला आणि चार दिवस हटला नाही. काल उघडलं, आणि आज सकाळी खालच्या शेताकडून तो वास आला. ओल्या गोणपाटात शिळं पीठ बांधून ठेवल्यावर येतो तसा, आंबूस आणि जरा गोड. माझा मुलगा संपत हातात शेंगा चोळत आला आणि म्हणाला, "आई, ह्यातलं बियाला ठेवायचं का?"

मी म्हणाले, "सायलीला विचार."

सायली म्हणजे त्याची मुलगी. शेतकीच्या कॉलेजात शिकते. संपत जरा वेळ माझ्याकडं बघत राहिला. या घरात बी कोणतं ठेवायचं आणि कोणतं विकायचं हे पन्नास वर्षं मी ठरवलं. कुणी विचारायचं ते मला विचारायचं.

दोन वर्षांमागं असंच झालं होतं. असाच पाऊस, असाच वास. त्या हंगामातल्या बियावरून मी माझ्या धाकट्या जावेला, इंदूला, चारचौघींत एक बोलले. ते खोटं होतं. खोटं आहे हे मला महिन्याभरात कळलं, आणि कळल्यावर सहा महिने मी ते दाबून ठेवलं. इंदू मेलेली नाही. भोसरीला मुलाकडं असते. फोन केला तर उचलते. पण आमच्या मधल्या भिंतीच्या पलीकडून आता भांड्याचा आवाज येत नाही.

मी चौथीपर्यंत शिकले आणि सोळाव्या वर्षी या घरात आले. पहिल्याच हिवाळ्यात सासूनं माझ्यापुढं सूप ठेवलं आणि ज्वारीचं बी निवडायला बसवलं. शिकवायला तिला फार बोलावं लागलं नाही. दाणा पांढरा हवा, टपोरा हवा. काळा ठिपका दिसला की बाजूला काढायचा. काणी आलेलं, दाण्याजागी काळी भुकटी धरलेलं कणीस तर घरात आणायचंच नाही, बांधावर जाळून यायचं. निवडलेली कणसं चुलीच्या वर टांगायची, धुरात. हुलगा नि मटकी राखेत. एवढंच शास्त्र होतं. पांढरं ते चांगलं, डागी ते वाईट. माझी नजर त्याच्यावरच तयार झाली. पुढं पुढं तर नजर लागतही नव्हती, बोटांनाच कळायचं.

सोयाबीन आमच्याकडं फार उशिरा आलं. माझी पोरं मोठी झाल्यावर. त्याची भाकरी होत नाही, त्याचा कडबा होत नाही, पाहुण्यापुढं ठेवावं असं त्यात काही नाही. पेरायचं, काढायचं, विकायचं. बाजरी कधी रुसते, हरभऱ्याला काय लागतं, हे आम्हाला माणसासारखं माहीत होतं. सोयाबीन गावात बदली होऊन आलेल्या मास्तरासारखं, बरं वागतं पण आतून कळत नाही. तरी त्याचं बी निवडायला मी ज्वारीचीच नजर घेऊन बसले. दुसरी नजर माझ्याकडं नव्हती.

इंदू माझ्यामागून चार वर्षांनी आली, पिंपळवंडीची. आली तेव्हा माझ्या खांद्याला लागत होती. आमच्या नवऱ्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा भांडी वाटली, बैल वाटले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, घरात मधोमध भिंत आली. बी मात्र वाटलं नाही. अंगण एकच राहिलं आणि दिवाळी झाली की आम्ही दोघी तिथं समोरासमोर बसायचो. ती खडे-काडी काढायची आणि सूप माझ्याकडं सरकवायची, मी दाणा निवडायची. दोन्ही घरांचं बी माझ्या हातचं. ती सारखी बोलायची, मी कमी.

"आक्का," एकदा म्हणाली, "दान्याकडं बघतीस तसं भावजींकडं बघितलं असतंस तर ते एवढे वाळले नसते."

"तुझा कुठं फुगलाय?"

"माझा वाळला तरी हसतो तरी."

दोघींचे वाळलेले नवरे पुढं गेले, आधी माझा, मग तिचा. आम्ही सूप घेऊन बसतच राहिलो.

त्या वर्षी पाऊस आला तेव्हा तिचं शेत काढून झालं होतं. तिचं वरचं, मुरमाड. माझं खालचं, काळं, पाणी धरून ठेवणारं. माझ्या शेंगा उभ्याच भिजल्या आणि मग ऊन बघून घाईनं काढल्या. तिचंही ढिगात ओलं झालंच होतं. मळणीनंतर घरात जागा मिळेल तिथं सोयाबीन पसरलं. खाटेवर, देव्हाऱ्यापुढं, टीव्हीच्या खाली. दिवसरात्र पंखा. जेवताना घासाला तोच वास. ऊन पडल्यावर अंगणात एक मोठी ताडपत्री टाकली. अर्ध्यात तिचं, अर्ध्यात माझं, मधे एक दोरी.

तिच्या भागाकडं मी वाकून बघितलं. दाण्यांवर जांभळे डाग. काहींवर बारीक, काही दाणे अख्खे, पिकल्या जांभळाचा रस सांडावा तसे. माझ्या भागात डाग नव्हता. दाणे पांढरे होते. काही तर खडूसारखे पांढरे, थोडे सुरकुतलेले, साल जरा तडकलेली. मला वाटलं, चांगले वाळलेत.

"इंदू, हे बी न्हाई. हे विकून टाक."

"आक्का, दाना भरलाय गं. दाताखाली वाजतोय बघ."

"डाग बघ त्याच्यावर."

"डाग सालीवर हाय." तिनं एक दाणा नखानं सोलला आणि माझ्यासमोर धरला. आत पिवळी डाळ होती, स्वच्छ. "हे बघ की."

मी बघितलं नाही. म्हणजे डोळ्यानं बघितलं. पण माझं ठरलं होतं. मी तिला म्हणाले, "पन्नास वर्षं मी निवडते का तू निवडतीस?"

ती हसली. "तूच निवडतीस बाई."

तिचं सगळं बाजारात गेलं. तिच्या शेतासाठीचं बी माझ्या ढिगातून मी दिलं, हातानं निवडून, एकेक दाणा. एवढ्या मनानं मी कधी निवडलं नव्हतं. नंतर कळलं की तिनं एक डबा भरून आपलं डागी बी मागं ठेवलं होतं. का ठेवलं ते मी तिला कधी विचारलं नाही. मला वाटतं तिला स्वतःलाच ते टाकवलं नसेल.

उन्हाळ्यात शेतकी खात्याचा माणूस गावात आला होता. देवळापुढं बायका-माणसं बसवून त्यानं दाखवलं. पेरणीआधी शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर ओळीत मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, आठवड्यानं उघडून किती उगवले ते बघायचं. बियाला औषध चोळायचं तेही सांगितलं. घरी येताना इंदू म्हणाली, "करून बघू का आक्का?"

मी म्हणाले, "माझं बी काय परीक्षेला बसलंय का?"

पेरणी झाली. पाऊस हवा तेवढा, हवा तेव्हा. आठ दिवस झाले, दहा झाले, जमीन तशीच काळी. कुठंतरी एक मोड, मग चार हात मोकळं, मग एक. मी तासात बसले आणि बोटानं उकरलं. दाणा होता तिथंच होता. हातात घेतला तर उकडलेल्या बटाट्यासारखा बोटात चेंबला. त्याच्यावर पांढरा बारीक कापूस. दुसरा उकरला, तसाच. पाच-सहा उकरून मी उठले. वर इंदूच्या शेतात गेले तर तीही बसून उकरत होती. मला बघून तिनं हात पदराला पुसले.

"मी म्हनलं व्हतं," ती हळू म्हणाली. एवढंच. मला टोचायला म्हणाली नव्हती. तिच्या तोंडातून निघून गेलं.

दुबार पेरायला बाजारातून पिशव्या आणल्या. तिचं शेत आधी घेतलं. आमच्याकडं सावड असते, आज तुझ्यात, उद्या माझ्यात, मजुरी नाही. आठजणी आल्या होत्या, आम्ही दोघी धरून दहा. ओळीनं, बोटानं मातीत दाणे टोकत चाललो. दुपारी चिंचेखाली भाकरी सोडल्या. तिथं शालनला विंचू चावला आणि जरा धावपळ झाली, मग शांत झालं. कमल आमच्या गल्लीतली, तोंडाची मोकळी. भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "काकू, एक इचारू? तुमच्या हातचं बी कसं काय सडलं ओ?"

तिनं सहज विचारलं. पण सगळ्यांच्या माना वर झाल्या. पन्नास वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. गावातल्या बायका पोरीच्या लग्नात मूठभर बी माझ्या हातचं मागून न्यायच्या. मी घास गिळला आणि म्हणाले,

"माझं न्हाई सडलं. ही बघा, हिचं डागी बी माझ्या शेजारी वाळत घातलं, तिथंच नासलं. हिनंच घाण लावली माझ्या बियाला. दोन घरांचा हंगाम हिनं खाल्ला."

इंदूच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तिनं तो परत फडक्यात ठेवला, फडकं बांधलं, आणि उठून ओळीला लागली. कुणीतरी म्हणालं, "चला, ढग आलेत." सगळ्या उठल्या. संध्याकाळपर्यंत इंदू माझ्या शेजारच्या ओळीत होती आणि तिनं एकदाही मान वर केली नाही.

मला तेव्हा वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मला हलकं वाटलं. मी जे बोलले ते मला खरंच वाटत होतं, निदान निम्मं. एक नासका आंबा अढीतले बाकीचे नासवतो, हे मी डोळ्यानं बघितलेलं. सोयाबीन काही निराळं असेल असं मनात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात सायली घरी आली. कॉलेजात तिला काहीतरी करून दाखवायचं होतं, त्यासाठी सडलेलं बी हवं होतं. आमच्याकडं कमी नव्हतं. तिनं माझ्या पिंपातलं उरलेलं बी घेतलं, आणि भिंतीपलीकडं जाऊन इंदूकडून तो डबा आणला. इंदूनं दिला. तिचा माझ्यावर राग होता, पोरीवर नव्हता.

सायलीनं खिडकीतल्या फळीवर काचेच्या थाळ्या मांडल्या. बी आधी एका पाण्यानं धुतलं, पांढऱ्या कपड्याला घालतो त्या औषधाचा वास येत होता. "वरची घाण मारायची आज्जी, म्हंजे आत काय हाय ते दिसतं," असं तिनं सांगितलं. मग थाळीत ओला टीपकागद आणि त्यावर दाणे गोलात मांडले. एका बाजूला माझं, एका बाजूला इंदूचं. झाकण घातलं. रोज सकाळी ती भिंग घेऊन बसायची आणि वहीत लिहायची. मी तिच्या मागं उभी राहायची. कामं पडून असायची तरी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या थाळ्यांत कापूस आला. पांढरा, दाटसर, दाणा दिसेना. मग त्या कापसात काळे बारीक ठिपके उठले. सायली भिंग माझ्या हातात देऊन म्हणाली, "हे बघ, ही बुरशी, फोमॉप्सिस." नाव औषधाच्या दुकानातल्या बाटलीसारखं होतं. "खडूसारखा पांढरा दाना दिसतो ना, तो हिचाच. कधीकधी तर वरून काहीच दिसत न्हाई. चांगला दिसतो दाना आनि आत ही बसलेली असते." एका दाण्यावर हिरवी बुरशी होती, एकावर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे कण. त्यांचीही नावं तिनं सांगितली, ती मला राहिली नाहीत. पहिलं राहिलं.

इंदूच्या थाळ्यांत कोंब आले होते. सगळ्या दाण्यांना नाही. काही कुजले, काही लुळे निघाले. पण बाकीच्यांना आले. जाड, पांढरे, वाकडे कोंब, आणि त्या कोंबाला चिकटलेली जांभळी साल.

"ह्याला काय म्हणतात?"

"सर्कोस्पोरा. ती बुरशीच हाय आज्जी, चांगली न्हाई. पण ही दान्यात आधी शिरली ना, तर त्या पांढरीला पुष्कळदा आत येऊ देत न्हाई."

"पुष्कळदा म्हंजे?"

"म्हंजे नेहमी न्हाई. पण इंदूआज्जीच्या बियात आली न्हाई, दिसतंय की."

मी जरा वेळानं विचारलं, "आनि शेजारी वाळत घातलं तर? ह्याच्यातली त्याच्यात जाती का?"

सायलीनं वहीतून मान वर काढली. ती शेतात नव्हती त्या दिवशी, तिला काही माहीत नव्हतं. "वाळत घालताना? न्हाई आज्जी. शेंग शेतात असतानाच जाती आत, पावसात. तुझं खालचं शेत दमट, त्यात उशिरा काढलेलं. अंगनात आलं तवाच ते नासलेलं व्हतं."

मी भिंग खाली ठेवलं आणि भाकरी थापायला गेले.

तेव्हा भिंतीपलीकडं जायला दहा पावलं लागली असती. मी गेले नाही. आज सांगते उद्या सांगते असं म्हणतही नव्हते, तेवढा विचारसुद्धा करत नव्हते. निंदणी होती, नागपंचमी आली, गणपती आले. माणूस कामाच्या मागं लपायचं म्हणाला तर शेतात लपायला काम कमी नसतं. अंगणात समोरासमोर आलो तर इंदू बाजूनं निघून जायची. मला बरंच वाटायचं. बोलली असती तर मला सांगावं लागलं असतं.

आणि माझ्या मनात तिसरंच काहीतरी चालू होतं. मी सगळी वर्षं उलटी मोजत होते. किती वेळा असे पांढरे म्हणून ठेवले असतील, किती वेळा डागी म्हणून चांगले टाकले असतील. दर वर्षी पीक आलं ते माझ्या हातानं आलं का माझा हात असूनही आलं? म्हातारपणी हा हिशेब मांडू नये. मांडायला घेतला की सुटत नाही, आणि सासूला विचारावं तर ती कधीच गेली.

दिवाळीत इंदूचा मुलगा आला. कंपनीत आहे, भोसरीला दोन खोल्या घेतल्यात. तो बरीच वर्षं आईला चल म्हणत होता आणि ती बरीच वर्षं नाही म्हणत होती. या वेळी ती हो म्हणाली. जाताना तिनं माझ्या दारात येऊन चावी दिली. "उंदीर होतील, मधनं मधनं उघडत जा." जाते म्हणाली नाही, येते म्हणाली नाही. तिचं शेत वाट्यानं गेलं आणि तिथं ऊस आला. पारगावच्या कारखान्याला जातो. आता तिथं संध्याकाळी कुणी पाऊल टाकत नाही, बिबट्यानं पिल्लं घातलीत म्हणतात.

संक्रांत झाल्यावर मी मंचरहून एसटीनं भोसरीला गेले. संपतला सांगितलं, डोळे दाखवायला चाललेय. चौथा मजला. इंदूनं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "या. बसा."

आल्यापासून तिनं मला आक्का आणि तू केलं. बसा म्हटल्यावर मी बसले. तिनं पाणी आणलं, चहा टाकला. कप बशी काढली, पाहुण्यांची. मी चहा होईपर्यंत थांबले नाही, स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकले आणि सगळं सांगितलं. थाळ्या, कापूस, काळे ठिपके, तिचे कोंब. जांभळी बुरशी पांढरीला आत येऊ देत नाही हेही सांगितलं. ती चहाकडं बघत ऐकत होती.

"म्हंजे बियाचं चुकलं," ती म्हणाली.

"हो."

"बियाचं कुनाचंबी चुकतं. त्याच्यासाठी एवढ्या लांब कशाला आलीस?" तिच्या तोंडात तू आलं, आणि मला जरा धीर आला. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "आनि मला बोललीस ते?"

"ते पन चुकलं. तेच सांगायला आलेय."

"हितं?" तिनं त्या खोलीत सगळीकडं बघितलं. "हितं कोन हाय ऐकायला? मी आनि फ्रीज." मग चहा गाळता गाळता, आवाज न चढवता, तिनं सगळं सांगितलं, पाठ असल्यासारखं. "आठ बाया व्हत्या आक्का. माझं शेत व्हतं. माझ्या हातात भाकर व्हती. घान लावली म्हनालीस, हंगाम खाल्ला म्हनालीस. दुसऱ्या दिवसापास्नं मी पान्याला जायची येळ बदलली. दिवाळीपत्तुर मी एकीच्या दारात गेले न्हाई. आता मला एकटीला कानात सांगून मी काय करू त्याचं?"

मी विचारलं, "मग काय करू?"

"त्यांना सांग," ती म्हणाली. "चा घे, गार व्हतोय."

एसटीत बसल्यावर मला वाटलं, हे तर सोपं आहे. आठ दारं. मी जन्मात कुणापुढं बोलायला भ्यायले नाही. चुकलं म्हणायला काय लागतं?

तरी उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. त्या आठांतली हौसाबाई तोवर वारली. पहिली मी शालनकडं गेले. ती शेंगदाणे सोलत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की त्या दिवशी चिंचेखाली मी इंदूला जे बोलले ते खोटं होतं, बी माझंच नासकं होतं. शालननं हातातली शेंग ठेवली.

"कवा ओ?"

"इंदूच्यात दुबार टोकत व्हतो तवा."

"मला विंचू चावला तवा?"

"त्याच दिवशी."

"बया, तो दिवस कसा इसरल. पाय मांडीपत्तुर सुजला व्हता. पन तुमी काय बोल्लात ते न्हाई बा ध्यानात."

कमलला तर मी आठवण करून दिली की तूच विचारलं होतंस. तिनं कपाळाला हात लावला. "मी? तुमाला? असं इचारलं? न्हाई ओ काकू, माझी जीभ न्हाई का झडायची." तिला विंचू आठवत होता, तो कुणी ठेचला तेही आठवत होतं. दुसरी एक म्हणाली, जावाजावांचं असतंच, त्याच्यात कोण ध्यान देतं. एकीनं तर बराच वेळ आठवून विचारलं, "इंदूबाईच तुमाला कायतरी बोलल्या व्हत्या ना? डाफरल्या व्हत्या बघा."

"न्हाई. मी बोलले. ती काहीच बोलली न्हाई."

"असंल," ती म्हणाली, आणि मला बसायला पाट दिला.

शेवटची राहिलेली बाई या पावसाच्या झडीत घरी सापडली. तिलाही आठवत नव्हतं. तिच्या ओट्यावरून उतरताना मला कळेना, मी सुटले का अडकले. वीस माणसांनी तोंडावर थुंकावं अशी तयारी करून गेलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं होतं.

काल पाऊस उघडल्यावर, दिवेलागणीच्या आधी, मी इंदूला फोन लावला. तिच्याकडं टीव्हीवर हिंदी मालिका चालू होती.

"इंदू, सगळ्यांना सांगितलं. हौसाबाई तेवढी राहिली, ती गेली."

"काय म्हनल्या?"

"कुनाला आठवत न्हाई."

"कुनालाच?"

"न्हाई."

"कमलला?"

"तिला विंचू आठवतो."

मला वाटलं ती हसेल. एरवी हसली असती, चार दिवस पुरवून पुरवून हसली असती. पण तिनं टीव्हीचा आवाज कमी केला. मग ती म्हणाली, मला नाही, स्वतःशीच मोजल्यासारखं,

"मग मी कुनाला तोंड दाखवायचं न्हाई म्हनून हितं आले आक्का?"

सायलीच्या भिंगाखाली हे ठेवता येत नाही. मी फोन कानाला धरून उभी राहिले. तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. टीव्हीवर कुणीतरी बाई हिंदीत रडत होती. तेच दोघी ऐकत राहिलो.